गृहखरेदी अर्थसाहाय्य

स्वतःच्या मालकीचे पहिले घर विकत घेऊ इच्छिणाऱ्या व्यक्तीस वा कुटुंबास शासन, शासनपुरस्कृत संस्था अथवा वित्तसंस्था यांच्याकडून ज्या आर्थिक सवलती मिळतात, त्यांना ‘गृहखरेदी अर्थसाहाय्य’ असे म्हणतात. अनुदान, कर्जावरील व्याजात सूट, कर्जफेडीची हमी, करसवलत, मुद्रांक शुल्कातील सूट इ. तिचे प्रमुख प्रकार होत. शासनाने स्वतः घरे बांधून ती वाटणे किंवा भाड्याने देणे, हा गृहनिर्माण धोरणाचा एक मार्ग. खरेदीदाराच्या हाती क्रयशक्ती देऊन त्याला बाजारात घर घेण्यास समर्थ करणे, हा दुसरा [→ गृहनिर्माण]. प्रस्तुत नोंदीत मुख्यत्वे दुसऱ्या मार्गाचा, आणि तोही भारताच्या संदर्भात, विचार केला आहे.

आवश्यकता : घर ही सामान्य कुटुंबाच्या आयुष्यातील बहुधा सर्वांत मोठी खरेदी असते. तिची किंमत कित्येक वर्षांच्या उत्पन्नाइतकी असल्याने ती कर्जावाचून क्वचितच शक्य होते. ज्याच्याकडे आधीचे घर आहे, त्याला ते विकून नव्या घरासाठी भांडवल उभे करता येते. प्रथम खरेदीदाराला हा आधार नसतो. त्याच्यापुढे तीन वेगवेगळ्या अडचणी असतात. पहिली, कर्जाव्यतिरिक्त लागणारी आरंभीची रक्कम जमविण्याची. दुसरी, मासिक हप्ता उत्पन्नात बसविण्याची. आणि तिसरी, कर्ज मिळण्यास आपण पात्र आहोत हे वित्तसंस्थेस पटवून देण्याची. या तीन अडचणींवरील उपाय एकच नाहीत. कोणती योजना यांपैकी कोणत्या अडचणीवर लागू पडते, यावरच तिचा लाभ प्रत्यक्षात कोणाला होतो हे अवलंबून असते.

उदाहरणादाखल, ३० लाख रुपये किंमतीचे बांधकामाधीन घर घेणाऱ्या कुटुंबाचा विचार करता येईल. रिझर्व्ह बँकेने २०१५ मध्ये ३० लाख रुपयांपर्यंतच्या गृहकर्जासाठी घराच्या किंमतीच्या ९० टक्के ही कमाल मर्यादा ठरविली. त्यानुसार २७ लाख रुपये कर्जाऊ मिळाले, तरी ३ लाख रुपये कुटुंबाला स्वतःजवळचे घालावे लागतात. मुद्रांक शुल्क ६ टक्के धरल्यास त्याचे १ लाख ८० हजार, नोंदणी फीचे ३० हजार आणि परवडणाऱ्या घरावरील १ टक्का वस्तू व सेवा कराचे ३० हजार रुपये त्यात मिळविले, म्हणजे ही रक्कम ५ लाख ४० हजारांवर जाते. घरभाडे भरत असतानाच ती साठवावी लागते. यानंतर २७ लाखांचे कर्ज ८·५ टक्के व्याजाने २० वर्षांत फेडावयाचे झाल्यास दरमहा सुमारे २३,४०० रुपयांचा हप्ता पडतो आणि मुदतअखेर मुद्दलापेक्षा काहीशी अधिक रक्कम केवळ व्याजापोटी दिली जाते.

साहाय्याचे प्रकार : (१) भांडवली अनुदान : घराच्या किंमतीचा काही भाग शासन परस्पर भरते किंवा रोख देते. ते आरंभीच्या रकमेसाठी वापरता आले, तर पहिली अडचण दूर होते. (२) व्याजअनुदान : कर्जावरील व्याजाचा काही भाग शासन उचलते. याने मासिक हप्ता कमी होतो. तथापि आरंभीची रक्कम कमी होत नाही. (३) कर्जहमी : कर्जदाराने कर्ज थकविल्यास होणारी हानी काही अंशी हमीसंस्था सोसते. त्यामुळे तारणाची वा उत्पन्नाची बाजू लंगडी असलेल्या कर्जदारासही वित्तसंस्था कर्ज देण्यास धजतात [→ गहाण]. (४) भागीदारी कर्ज : शासन घराच्या किंमतीचा काही हिस्सा कर्जरूपाने देते आणि परतफेडीच्या वेळी घराच्या त्या वेळच्या मूल्याच्या तितक्याच प्रमाणात रक्कम परत घेते. (५) करसवलती : व्याज व मुद्दल यांची करपात्र उत्पन्नातून वजावट. (६) शुल्कसवलती : मुद्रांक शुल्क व नोंदणी फी यांतील सूट. (७) स्वतःच्या बचतीचा वापर : भविष्य निर्वाह निधीतील रक्कम घरासाठी काढण्याची मुभा. यांखेरीज, मालकाने नोकरास घरबांधणीसाठी देण्याची अग्रिम रक्कम हाही एक जुना प्रकार आहे. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांसाठी २०१७ च्या नियमांनुसार ती ३४ महिन्यांचे मूळ वेतन किंवा २५ लाख रुपये यांपैकी कमी असेल तेवढी, या मर्यादेत देण्याची तरतूद करण्यात आली.

‘पहिले घर’ ही संकल्पना : साहाय्य प्रथम खरेदीदारापुरते ठेवावयाचे, तर प्रथम खरेदीदार कोण हे ठरवावे लागते. प्रधानमंत्री आवास योजनेच्या शहरी विभागात लाभार्थी कुटुंबातील कोणाच्याही नावे भारतात कोठेही पक्के घर असता कामा नये, अशी अट आहे. कुटुंब म्हणजे पती, पत्नी व अविवाहित मुले. म्हणून गावाकडील घर वडिलांच्या नावे असेल, तर मुंबई-पुण्यात नोकरी करणारा विवाहित मुलगा केवळ त्या कारणाने अपात्र ठरत नाही; परंतु वाटणीत तेच पक्के घर त्याच्या नावावर आले, तर तो पात्रतेला मुकू शकतो. महाराष्ट्र गृहनिर्माण व क्षेत्रविकास प्राधिकरणाच्या (म्हाडाच्या) सोडतींत मात्र सर्वसाधारणपणे संबंधित शहराच्या हद्दीत अर्जदाराचे वा त्याच्या पती अथवा पत्नीचे घर नसणे, ही अट लावली जाते. रोजगारासाठी स्थलांतर केलेल्यांच्या दृष्टीने हा भेद महत्त्वाचा आहे. कारण कोकणात वा देशावर कौलारू घर असणाऱ्या गिरणी कामगाराला किंवा लिपिकाला शहरात राहण्यासाठी त्या घराचा उपयोग होत नाही. एका व्याख्येत त्याची गणना घर असलेल्यांत होते, तर दुसरीत बेघरांत.

भारतातील विकास : मुंबई इलाख्यात घरमालकीचा प्रश्न मध्यमवर्गाने प्रथम सहकाराच्या मार्गाने सोडविण्याचा प्रयत्न केला. गावदेवी येथे १९१५ मध्ये स्थापन झालेली सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था हे त्याचे एक आद्य उदाहरण होय [→ सहकारी गृहनिर्माण]. स्वातंत्र्यानंतर केंद्र सरकारने १९५२ मध्ये औद्योगिक कामगारांसाठी साहाय्यित गृहयोजना सुरू केली. तिचा भर भाड्याच्या घरांवर होता. मालकीच्या घरासाठी व्यक्तीला कर्ज देण्याची कल्पना १९५४ च्या अल्प उत्पन्न गट गृहयोजनेत दिसते. तीत घराच्या खर्चाच्या ८० टक्क्यांपर्यंत, परंतु ८,००० रुपयांच्या मर्यादेत, कर्ज देण्याची सोय होती. १९५९ मध्ये मध्यम उत्पन्न गटासाठी अशीच योजना आली.

या योजनांचा निधी शासनाच्या अर्थसंकल्पावर अवलंबून असल्याने त्यांचा विस्तार मर्यादित राहिला. १९७० मध्ये गृहनिर्माण व नगरविकास महामंडळ (हुडको) स्थापन झाले; मात्र त्याची कर्जे प्रामुख्याने गृहनिर्माण मंडळांना व इतर संस्थांना मिळत. सामान्य पगारदार व्यक्तीस दीर्घ मुदतीचे गृहकर्ज देणारी वित्तसंस्था उभारण्याचे श्रेय हसमुखभाई पारेख यांना जाते. त्यांनी १९७७ मध्ये मुंबईत स्थापन केलेल्या गृहनिर्माण विकास वित्त महामंडळाने (एचडीएफसी) या व्यवसायाची घडी बसविली. २०२३ मध्ये ही संस्था आपल्याच नावाच्या बँकेत विलीन झाली. १९८८ मध्ये राष्ट्रीय गृहनिर्माण बँक कार्यान्वित झाली व गृहवित्तसंस्थांना पुनर्वित्त मिळू लागले. याच सुमारापर्यंत महाराष्ट्रात १९६३ च्या सदनिका मालकीविषयक कायद्याने व १९६० च्या सहकारी संस्था कायद्याने सदनिकेच्या खरेदीस कायदेशीर चौकट दिली होती. घराचे मालकीपत्र स्पष्ट असल्याखेरीज ते तारण म्हणून चालत नाही. त्यामुळे गृहकर्जाच्या प्रसाराला या कायद्यांची पार्श्वभूमी होती.

शहरी गरिबांसाठी व्याजअनुदानाची पहिली राष्ट्रीय योजना २००८ मध्ये सुरू झाली. तीत १ लाख रुपयांपर्यंतच्या कर्जावर ५ टक्के अनुदान होते. एवढ्या कर्जात शहरात घर मिळणे दुरापास्त होते. २०१३ च्या राजीव ऋण योजनेत अनुदानास पात्र कर्जाची मर्यादा ५ लाख रुपयांपर्यंत वाढविण्यात आली. अल्प उत्पन्न गटातील कर्जदारांसाठी हमी देणारा न्यासही २०१२ मध्ये स्थापन झाला.

प्रधानमंत्री आवास योजना (शहरी) : ही योजना २५ जून २०१५ रोजी जाहीर झाली. तिच्या चार घटकांपैकी कर्जसंलग्न व्याजअनुदान हा घटक खरेदीदाराला थेट लाभ देणारा होता. वार्षिक ६ लाख रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या, म्हणजे आर्थिक दृष्ट्या दुर्बल व अल्प उत्पन्न गटांतील, कुटुंबांना कर्जाच्या पहिल्या ६ लाखांवर ६·५ टक्के व्याजअनुदान मिळे. २०१७ पासून मध्यम उत्पन्न गटही तीत समाविष्ट झाला. ६ ते १२ लाख उत्पन्नासाठी ९ लाखांपर्यंतच्या कर्जावर ४ टक्के आणि १२ ते १८ लाख उत्पन्नासाठी १२ लाखांपर्यंतच्या कर्जावर ३ टक्के असे दर ठरविण्यात आले. दुर्बल व अल्प उत्पन्न गटांतील नव्या खरेदीत घर कुटुंबातील स्त्रीच्या नावे किंवा तिच्या सहमालकीचे असणे आवश्यक होते.

या अनुदानाची पद्धत लक्षात घेण्यासारखी आहे. २० वर्षांतील संभाव्य व्याजसवलतीचे ९ टक्के वटावदराने आजचे मूल्य काढून ती रक्कम एकदम कर्जखात्यात जमा केली जाई. सर्वांत खालच्या गटासाठी ती कमाल सुमारे २ लाख ६७ हजार रुपये होई. त्यामुळे ६ लाखांच्या कर्जाचे मुद्दल सुमारे ३ लाख ३३ हजारांवर येई आणि ९ टक्के दराने २० वर्षांसाठीचा हप्ता सुमारे ५,४०० रुपयांवरून ३,००० रुपयांपर्यंत उतरे. हप्त्याची अडचण यामुळे बरीच हलकी झाली. परंतु ही रक्कम कर्ज मंजूर होऊन त्याचे वितरण झाल्यानंतरच मिळत असल्याने आरंभीच्या रकमेसाठी तिचा उपयोग होत नसे. आणि ज्याला कर्जच मिळाले नाही, त्याच्या वाट्याला अनुदानही येत नसे. मध्यम उत्पन्न गटासाठी ही सवलत मार्च २०२१ मध्ये व इतरांसाठी मार्च २०२२ मध्ये संपली. सुमारे २५ लाख कुटुंबांना तिचा लाभ झाला.

योजनेचा दुसरा टप्पा १ सप्टेंबर २०२४ पासून पाच वर्षांसाठी अमलात आला. त्यात ९ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांना, घराची किंमत ३५ लाखांपर्यंत व कर्ज २५ लाखांपर्यंत असल्यास, पहिल्या ८ लाखांवर १२ वर्षांच्या मुदतीपर्यंत ४ टक्के व्याजअनुदान ठेवले आहे. कमाल १ लाख ८० हजार रुपयांचे हे साहाय्य पाच वार्षिक हप्त्यांत दिले जाते. मोठ्या शहरांत ३५ लाखांच्या आत मिळणारी घरे बहुधा शहराच्या सीमेवर असल्याने किंमतीची ही मर्यादा घर कोठे घेता येईल हेही अप्रत्यक्षपणे ठरविते.

कर व शुल्क यांतील सवलती : १९६१ च्या आयकर कायद्याच्या जुन्या करपद्धतीत स्वतः राहत असलेल्या घराच्या कर्जावरील व्याजाची २ लाखांपर्यंत वजावट मिळे व मुद्दलाची परतफेड दीड लाखाच्या सर्वसाधारण बचत-वजावटीत धरली जाई. केवळ प्रथम खरेदीदारांसाठी म्हणून २०१३–१४ मध्ये मंजूर झालेल्या २५ लाखांपर्यंतच्या कर्जांवर १ लाखाची, २०१६–१७ मधील ३५ लाखांपर्यंतच्या कर्जांवर दरवर्षी ५० हजारांची आणि एप्रिल २०१९ ते मार्च २०२२ या काळातील, ४५ लाखांपर्यंत मूल्य असलेल्या घरांसाठीच्या कर्जांवर दीड लाखाची जादा वजावट देण्यात आली. २०२० मध्ये आलेल्या पर्यायी करपद्धतीत स्वतःच्या राहत्या घराच्या व्याजाची वजावट मिळत नाही. करसवलतीचा एक अंगभूत दोष असा, की जो कर भरतो त्यालाच ती मिळते आणि ज्याचा करदर अधिक त्याला ती अधिक मिळते. ज्याचे उत्पन्न करपात्र नाही, त्या सर्वांत गरजू खरेदीदाराला तिचा काहीच उपयोग नसतो.

महाराष्ट्रात १ एप्रिल २०२१ पासून केवळ स्त्रीच्या नावे निवासी घर खरेदी केल्यास मुद्रांक शुल्कात १ टक्का सूट मिळू लागली. त्यासोबतची, १५ वर्षांपर्यंत ते घर पुरुषास विकू नये ही अट २०२३ मध्ये शिथिल झाली. वरील उदाहरणातील घरावर ही सूट ३० हजार रुपयांची होते. रक्कम लहान असली, तरी ती खरेदीच्या वेळीच वाचत असल्याने आरंभीचा भार प्रत्यक्ष कमी करते. एप्रिल २०१९ पासून ४५ लाखांपर्यंतच्या व ठराविक चटई क्षेत्रफळाच्या बांधकामाधीन घरांवर वस्तू व सेवा कराचा दर १ टक्का आणि इतर घरांवर ५ टक्के झाला. बांधकाम पूर्णत्वाचा दाखला मिळाल्यानंतर विकलेल्या घरांवर हा कर लागत नाही.

इतर देशांतील योजना : अमेरिकेत १९३४ मध्ये स्थापन झालेल्या संघीय गृहनिर्माण प्रशासनाने कर्जांचा विमा उतरवून अल्प आरंभीच्या रकमेवर दीर्घ मुदतीची कर्जे सुलभ केली. तथापि कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांना दीर्घकाळ या विम्यापासून वंचित ठेवले गेले. गृहनिर्माणातील भेदभावास बंदी घालणारा कायदा १९६८ मध्ये झाला, तोपर्यंत घररूपाने साठणाऱ्या संपत्तीत दोन समाजांमध्ये मोठे अंतर पडले होते. ऑस्ट्रेलियात १ जुलै २००० रोजी नव्या विक्रीकराची भरपाई म्हणून प्रथम खरेदीदारास ७,००० डॉलरचे सरसकट अनुदान सुरू झाले. सिंगापूरमध्ये गृहनिर्माण व विकास मंडळ (१९६०) स्वतः घरे बांधते व १९६८ पासून नागरिकांना सक्तीच्या भविष्य निधीतील बचत त्यांच्या खरेदीसाठी वापरता येते. तेथे जमीन बहुतांशी शासनाच्या मालकीची असून घरे ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिली जातात. परिणामी साहाय्य आणि घरांचा पुरवठा या दोन्ही बाबी एकाच यंत्रणेच्या हाती राहतात.

इंग्लंडमध्ये २०१३ ते २०२३ या काळात भागीदारी कर्जाची योजना राबविण्यात आली. खरेदीदाराने नव्या घराच्या किंमतीच्या ५ टक्के रक्कम भरली, की शासन २० टक्क्यांपर्यंत कर्ज देई व त्यावर पहिली पाच वर्षे व्याज नसे. लंडनसाठी २०१६ पासून हे प्रमाण ४० टक्क्यांपर्यंत वाढविण्यात आले. २०२१ पासून ती फक्त प्रथम खरेदीदारांपुरती उरली. तेथील राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाच्या २०१९ च्या अहवालानुसार सुमारे तीन-पंचमांश लाभार्थी या साहाय्याविनाही घर घेऊ शकले असते.

मूल्यमापन : या योजनांवरील मुख्य आक्षेप असा, की खरेदीदाराला दिलेले साहाय्य त्याच्यापाशी राहतेच असे नाही. ज्या शहरात बांधकामयोग्य जमीन दुर्मिळ आहे, तेथे सर्वच खरेदीदारांची ऐपत थोडी वाढली, म्हणजे घरांची संख्या न वाढता त्यांच्या किंमती वाढतात आणि अनुदान अखेरीस जमीनमालकाच्या वा विकासकाच्या पदरात पडते. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधील अर्थशास्त्रज्ञांनी इंग्लंडमधील वरील योजनेच्या केलेल्या अभ्यासात हा भेद स्पष्ट दिसतो. लंडन महानगराच्या सीमेलगत, जेथे पुरवठा ताठर आहे तेथे, नव्या घरांच्या किंमती वाढल्या, परंतु बांधकामात लक्षणीय वाढ आढळली नाही. इंग्लंड-वेल्सच्या सीमेवर, जेथे जमीन सुलभ आहे तेथे, बांधकाम वाढले व किंमतींवर लक्षणीय परिणाम झाला नाही. म्हणजे एकाच योजनेचा लाभ एका ठिकाणी विक्रेत्याकडे व दुसऱ्या ठिकाणी खरेदीदाराकडे गेला. मुंबईसारख्या, समुद्राने वेढलेल्या व भूमीचा तुटवडा असलेल्या शहराला पहिला निष्कर्ष अधिक लागू पडण्याचा संभव आहे.

दुसरा आक्षेप वगळल्या जाणाऱ्यांविषयीचा आहे. कर्जसंलग्न साहाय्य हे कर्ज मिळण्याच्या पात्रतेवर उभे असते. वेतनचिठ्ठी, आयकर विवरणपत्र किंवा नियमित बँकव्यवहार दाखवू न शकणारे फेरीवाले, घरकामगार, रिक्षाचालक, रोजंदारीवरील कामगार यांचे उत्पन्न प्रत्यक्षात हप्त्याला पुरेसे असले, तरी कागदोपत्री ते सिद्ध होत नाही. उत्पन्नाची मर्यादा त्यांना योजनेत घेते, तर पतमापनाची कसोटी त्यांना बाहेर ठेवते. कर्जहमी व प्रत्यक्ष भेटीवरून उत्पन्न अजमावणाऱ्या लहान गृहवित्तसंस्था हे यावरील उपाय होत. मात्र अशा संस्थांचे व्याजदर सर्वसाधारणतः बँकांपेक्षा अधिक असतात.

तिसरा प्रश्न खरेदीतील जोखमीचा आहे. बांधकाम रखडल्यास खरेदीदाराला कर्जाचा हप्ता व राहत्या जागेचे भाडे असा दुहेरी भार सोसावा लागतो. २०१६ च्या स्थावर संपदा (विनियमन व विकास) कायद्याने खरेदीदारांकडून आलेल्या रकमेपैकी ७० टक्के रक्कम त्या प्रकल्पाच्या स्वतंत्र खात्यात ठेवण्याचे व करारनाम्याची नोंदणी होण्यापूर्वी १० टक्क्यांहून अधिक रक्कम न घेण्याचे बंधन विकासकावर घातले. महाराष्ट्रात या कायद्यानुसार प्राधिकरणाचे काम मे २०१७ पासून सुरू झाले. या तरतुदी अर्थसाहाय्यात मोडत नाहीत. तथापि आयुष्याची बचत सुरक्षित राहण्याच्या दृष्टीने प्रथम खरेदीदाराला त्यांचे मोल एखाद्या अनुदानाहून कमी नाही.

सारांश, अर्थसाहाय्याचे यश त्यावर खर्च झालेल्या रकमेवरून किंवा लाभार्थींच्या संख्येवरून पुरते ठरविता येत नाही. साहाय्यावाचून ज्यांना घर घेता आले नसते अशांपर्यंत ते किती पोहोचले आणि त्यासोबत घरांचा पुरवठा किती वाढला, या दोन कसोट्या महत्त्वाच्या ठरतात. जमीन, पाणीपुरवठा व वाहतूक यांच्या सोयी वाढवून परवडणाऱ्या घरांची उपलब्धता वाढविणे आणि ज्यांना मालकीचे घर परवडणारच नाही, त्यांच्यासाठी माफक भाड्याची घरे उपलब्ध करणे, या उपायांची जोड मिळाल्यास खरेदीदाराच्या नावे दिलेले साहाय्य त्याच्याच घराच्या कामी येण्याची शक्यता वाढते.